हात टेकवलेला असला की शांत, काही करायला गेलं की थरथर. कशामुळे होत असेल?

रेघोटी

नमस्कार. बरेच दिवस विचारू की नको असं चाललं होतं, आज विचारतेच. वय ३४, पॅथॉलॉजी लॅबमधे टेक्निशियन आहे, त्यामुळे दिवसभर हाताचंच काम, रक्त घ्यायचं, पिपेटने मोजून सोडायचं, स्लाईड बनवायच्या. गेल्या वर्ष-दीड वर्षात हळूहळू असं व्हायला लागलंय की हात मांडीवर पडलेला असला की अगदी शांत, पण काही करायला उचलला की थरथर सुरू. कप तोंडाकडे नेताना, कुलपात किल्ली घालताना, सही करताना, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सुई शिरेजवळ नेताना. उजवा जास्त, डावा थोडा कमी, पण दोन्ही हलतात. समोरचा माणूस हाताकडे बघतोय असं दिसलं की अजून वाढतं. लहान मुलांचं रक्त घ्यायचं काम मी सध्या मैत्रिणीकडे दिलंय, तिथे धोका नको.

बाकी माहिती म्हणजे लहानपणापासून दमा आहे, सालब्युटामॉलचा पंप लागेल तसा घेते, थंडीत जरा जास्त. चहा-कॉफी दोन्ही भरपूर. आईची मान गेली काही वर्षं "नाही नाही" म्हटल्यासारखी हलते, तिला त्याचं काही वाटत नाही आणि तिने कधी कुणाला दाखवलेलंही नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी टेन्शन घेऊ नका म्हणून सांगितलं आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. नेटवर वाचायला गेले तर पार्किन्सन, एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब होतं तो आजार), मेंदूत गाठ, सगळंच निघतं, आणि वाचून झोप उडालीय. मला एवढंच समजून घ्यायचंय की हालचाल केल्यावरच येणारी थरथर कशाकशाने होऊ शकते आणि डॉक्टरकडे जाऊन नेमकं काय सांगायचं, काय तपासायला सांगायचं?

सरळसोट

बी१२ कमी असणार. माझ्या ओळखीत दोघांना असंच झालं होतं, इंजेक्शनचा कोर्स केला आणि हात थांबले. उगाच एमआरआय वगैरेच्या मागे लागू नका, आधी बी१२ आणि डी३ सुरू करा.

मज्जारज्जू

रेघोटी, मी न्यूरॉलॉजीत काम करतो. तुम्हाला तपासलेलं नाही त्यामुळे खालचं निदान म्हणून वाचू नका, पण तुम्ही जे लिहिलंय त्यातला पहिलाच मुद्दा इतका कामाचा आहे की तिथूनच सुरुवात करतो.

कंप म्हटलं की आम्ही सगळ्यात आधी बघतो तो केव्हा येतो. हात सैल सोडून मांडीवर टेकवलेला असताना येतो का, हात समोर ताठ धरून ठेवला की येतो का, की हात हलवताना येतो, आणि हलवताना येत असेल तर सगळ्या वाटेत सारखाच असतो का लक्ष्याजवळ पोचता पोचता वाढतो. पार्किन्सनचा ठराविक कंप पहिल्या प्रकारातला. हात निवांत असताना दिसतो, बहुतेक वेळा एका बाजूनेच सुरू होतो, सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा, अंगठा आणि बोटं गोळी वळल्यासारखी हलतात, आणि माणसाने पेला उचलायला हात पुढे केला की तो कमी होतो. तुमचं नेमकं उलटं आहे. पार्किन्सनमधे हात समोर धरल्यावर काही सेकंदांनी कंप परत येऊ शकतो हे खरं, पण त्या आजारात हालचाल मंदावणं, अंग ताठरणं, अक्षर बारीक बारीक होत जाणं हे सोबत असतं आणि मंदपणाशिवाय ते निदानच होत नाही. तुम्ही लिहिलंय त्यात यातलं काही नाही. तेवढ्यापुरती तरी आज रात्री झोपा.

आता हालचालीच्या कंपाची कारणं. सगळ्यात जास्त दिसणारं म्हणजे एसेन्शियल ट्रेमर. दोन्ही हातांना, काहीतरी धरताना किंवा करताना, सेकंदाला साधारण ४ ते १२ वेळा, वर्षानुवर्षं हळूहळू वाढत जाणारा. काहींची मान हलते, काहींचा आवाज कापरा होतो. निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांच्या घरात अजून कुणाला तरी असतो. तरुणपणीही सुरू होतो आणि साठीनंतरही, लोकांना वाटतं तसा तो फक्त म्हातारपणाचा नाही. तुमच्या आईच्या मानेबद्दल वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात आधी हेच आलं. पण २०१८ साली मूव्हमेंट डिसऑर्डरच्या, म्हणजे हालचालींच्या आजारांच्या, तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जी व्याख्या पक्की केली त्यात दोन्ही हातांचा कृतीतला कंप किमान ३ वर्षं असला पाहिजे आणि दुसरी कुठली न्यूरॉलॉजिकल खूण नसली पाहिजे असं आहे. तुम्हाला अजून तेवढी वर्षं झालेली नाहीत, म्हणून आत्ताच शिक्का मारायची घाई कुणी करू नये, आधी बाकीची कारणं बघून घ्यावीत.

बाकीच्यांतलं पहिलं म्हणजे औषधं. थोडासा कंप प्रत्येकाच्या हातात असतोच, इतका बारीक की डोळ्याला दिसत नाही. तो वाढवणाऱ्या गोष्टी खूप आहेत आणि तुमच्याकडे त्यातल्या दोन तरी आहेत. सालब्युटामॉल फुप्फुसाच्या नळ्या मोकळ्या करतं तसंच ते स्नायूंमधल्या बीटा-२ रिसेप्टरवरही (औषध जिथे जाऊन चिकटतं ती पेशीवरची जागा) काम करतं, त्यामुळे पंप घेतल्यावर थोड्याच वेळात हात बारीक थरथरतात आणि काही तासांत उतरतं. गोळी किंवा नेब्युलायझर घेतलं तर जास्त. कॅफीनचंही तसंच. थिओफिलीन, स्टेरॉइड, फिटसाठीचं व्हॅल्प्रोएट, मनाच्या आजारासाठीचं लिथियम, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन, डिप्रेशनच्या काही गोळ्या, प्रत्यारोपणानंतरची टॅक्रोलिमस-सायक्लोस्पोरिन, या सगळ्यांनी हात थरथरू शकतात. म्हणून डॉक्टरकडे जाताना तुम्ही घेत असलेली प्रत्येक गोष्ट लिहून न्या, सर्दीच्या गोळ्या, वजन कमी करायच्या पावडरी, काढे, सगळं. लोक हे "औषध" म्हणून मोजतच नाहीत आणि मग आम्हाला महिनाभराने कळतं.

सरळसोट यांच्यासाठी: बी१२ ची कमतरता तपासायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण तिचा ठराविक चेहरा म्हणजे पायाला मुंग्या, बधिरपणा, अंधारात तोल जाणं. फक्त कंप आणि बाकी काही नाही अशा माणसात ते कारण निघणं कमी. आणि आधी रक्त द्या, मग इंजेक्शन. इंजेक्शन घेतलं की रक्तातला आकडा वर जातो आणि मूळ कमतरता होती का नव्हती हे कळायचं राहून जातं.

उनाडवारा

थायरॉईड बघितलंत का ताई? माझे हात असेच व्हायचे, बारीक, भरभर, कागद हातावर ठेवला की कागद थरथरताना दिसायचा. मला वाटायचं कामाचा ताण. सोबत वजन उतरत होतं आणि भूक तर उलट वाढलेली, सगळे म्हणायचे छान बारीक झालीस, छातीत धडधड, सगळे पांघरूण घेऊन बसलेत आणि मला उकडतंय. टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) जवळजवळ शून्य आलं. औषध सुरू झाल्यावर हात हळूहळू पूर्ण थांबले. साधी रक्ताची तपासणी आहे आणि तुम्ही तर लॅबमधेच आहात.

जुनाकंप

मला एसेन्शियल ट्रेमर आहे, कॉलेजपासून, आता पन्नाशी ओलांडली. डॉक्टरसाहेबांनी वैद्यकीय बाजू लिहिलीच आहे, मी फक्त राहणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे हे भित्रेपणामुळे होत नाही. मला आयुष्यभर लोकांनी विचारलंय की घाबरलास का, आणि खरं सांगतो, मी घाबरलेलो नसायचो, हात हलताना दिसतोय म्हणून लोक बघतात आणि ते बघतात म्हणून हात जास्त हलतो. ताणाने कंप वाढतो पण ताणातून तो जन्माला येत नाही, हा फरक तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनाही सांगा. माझ्या वडिलांचाही हात हलायचा, ते चारचौघांत कधी काही प्यायचे नाहीत, आणि आम्हाला ते का हे त्यांच्यानंतर कळलं. एवढं लपवायचं त्यात काही नव्हतं. तुमच्या आईला पण दाखवा, त्यांना त्रास नसला तरी तुमच्या निदानाला त्याची मदत होईल.

दुसरं म्हणजे दारू. कुणीतरी तुम्हाला सांगेलच की दोन घोट घेतले की हात थांबतो. एसेन्शियल ट्रेमर असलेल्या बऱ्याच जणांचा थोड्या दारूने खरंच थोडा वेळ थांबतो, डॉक्टर निदानासाठी ते विचारतातही. पण उतरली की कंप आधीपेक्षा जोरात येतो. मी माझ्याच आजाराचा एक माणूस यातून दारूच्या आहारी गेलेला पाहिलाय, प्रेझेंटेशनच्या आधी थोडी म्हणून सुरू झालं होतं. औषध म्हणून ती वापरू नका, कधीच नाही.

औषधाचं म्हणाल तर मला प्रोप्रॅनोलॉलने बराच फरक पडला, पूर्ण गेला नाही पण सही माझ्याच सहीसारखी दिसते. पण तुम्हाला दमा आहे, त्यामुळे ते तुमच्यासाठी नाही बहुतेक, डॉक्टर सांगतीलच.

मज्जारज्जू

जुनाकंप, शेवटचं वाक्य लिहिलंत ते फार बरं केलंत. रेघोटी, हे नीट लक्षात ठेवा. प्रोप्रॅनोलॉल बीटा रिसेप्टर बंद करतं, म्हणजे तुमचा पंप जे दार उघडतो तेच दार ते लावून घेतं. दम्याच्या माणसात त्याने जोराचा अटॅक येऊ शकतो. कुणी ओळखीचं म्हणालं माझ्याकडे शिल्लक आहे, एक घेऊन बघ, तर अजिबात घ्यायची नाही. दमा असलेल्यांना प्रिमिडोन हा दुसरा प्रमुख पर्याय असतो, तो अगदी कमी डोसने आणि रात्री सुरू करतात कारण पहिल्या डोसलाच काहींना गुंगी, चक्कर, मळमळ होते. टोपिरामेटही वापरतात. पण हे सगळं निदान पक्कं झाल्यावर आणि कंपामुळे काम अडत असेल तरच. औषधाने आजार बरा होत नाही, कंप कमी होतो. ज्यांचं औषधांनी भागत नाही आणि हाताने जेवणंही अवघड झालंय त्यांच्यासाठी मेंदूच्या आतल्या थॅलॅमस या भागात ठराविक जागी इलेक्ट्रोड बसवून डीप ब्रेन स्टिम्युलेशन करतात, आणि कवटी न उघडता एमआरआयच्या मदतीने अल्ट्रासाऊंडच्या लहरी तिथेच एकवटायची पद्धतही आहे, तिला अमेरिकेच्या एफडीएने २०१६ साली एसेन्शियल ट्रेमरसाठी मान्यता दिली. तुम्ही तिथपासून खूप लांब आहात, माहिती असावी म्हणून सांगितलं.

उनाडवारा यांचा मुद्दा बरोबर आहे. बारीक भरभर कंप, धडधड, वजन उतरणं म्हणजे थायरॉईड बघितल्याशिवाय पुढे जायचंच नाही. थायरॉईड कमी म्हणून गोळी चालू असेल आणि डोस जास्त झाला असेल तरी असंच होतं.

रेघोटी, मला अजून थोडं विचारायचंय. सुई शिरेजवळ नेताना वाढतं असं लिहिलंत. ते भीतीमुळे वाढतं का पोचता पोचता आपोआप वाढतं, हे वेगळं करून बघाल का? एका बोटाने स्वतःचं नाक शिवा, मग हात पूर्ण लांब करून समोर कुणाचं तरी बोट शिवा, परत नाक. शांत बसून, घाई न करता. शिवाय बोलणं अडखळतं का, चालताना पाय फाकवून टाकावे लागतात का, दोन दोन दिसतं का?

रेघोटी

तुम्ही सगळ्यांनी इतक्या मनापासून लिहिलंत, खरंच खूप आभार. नवऱ्याला समोर बसवून नाक-बोट करून बघितलं. थरथर सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ सारखीच आहे, त्याच्या बोटाजवळ जाऊन किंचित वाढल्यासारखी वाटते पण बोट चुकत नाही, दर वेळी बरोबर लागतं. डोळे मिटून पण नाक लागतं. चालणं, बोलणं, दिसणं ठीक आहे. एक गोष्ट लक्षात आली, पंप घेतल्यावर तासभर जास्तच होतं पण पंप न घेतलेल्या दिवशीही थांबत नाही. म्हणजे पंप एकटा कारण नाही असं मला वाटतं. वजन तेवढंच आहे, धडधड पंप घेतल्यावरच. टीएसएच उद्या करून घेते.

मला अजून एक भीती आहे ती विचारून टाकते. एमएसमधे पण असाच कंप येतो ना?

मज्जारज्जू

एमएसमधे जो येतो तो बहुतेक वेळा लहान मेंदूचा कंप, म्हणजे सेरेबेलमचा. लहान मेंदूचं काम हालचालीचं मोजमाप ठेवायचं, हात किती लांब न्यायचा आणि कुठे थांबवायचा. ते बिघडलं की हात लक्ष्याच्या जितका जवळ जातो तितके झोके मोठे होतात, सेकंदाला ५ पेक्षा कमी वेळा, बोट नाकाच्या अलीकडे-पलीकडे जातं, चुकतं. त्याच्यासोबत तोल जाणं, तुटक बोलणं, डोळ्यांची बुबुळं हलणं यातलं काहीतरी बहुधा असतंच. एमएसशिवाय लहान मेंदूतला पक्षाघात, गाठ, वर्षानुवर्षांची दारू, फेनिटॉइन या फिटच्या औषधाची रक्तात जास्त झालेली पातळी आणि काही आनुवंशिक आजार यांनीही तो होतो. तुमचं बोट दर वेळी जागेवर लागतंय, चालणं-बोलणं चांगलं आहे, या चांगल्या खुणा आहेत. तरी घरच्या चाचणीवर मी निष्कर्ष काढणार नाही, हे प्रत्यक्ष बघणाऱ्याने ठरवायचं.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक वेगळं सांगतो. कंप जर अचानक, काही मिनिटांत किंवा तासांत सुरू झाला आणि सोबत तोंड वाकडं, बोलणं अडखळणं, एका बाजूला ताकद नसणं, दोन दोन दिसणं किंवा तोल जाणं असेल तर इथे लिहीत बसू नका, सरळ इमर्जन्सीत जा. अचानक दरदरून घाम, भूक आणि थरथर असेल तर साखर बघा, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी तर लगेच. लिथियम घेणाऱ्याचा बारीक कंप मोठा आणि ओबडधोबड झाला, उलट्या-जुलाब, गोंधळल्यासारखं झालं तर ती विषबाधा असू शकते, त्याच दिवशी दवाखाना. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केल्यावर दिवसभराच्या आतच हात थरथरायला लागतात, त्यात फिट येऊ शकते, म्हणून ते बंद करायचं तर डॉक्टरच्या देखरेखीखाली.

धाकटीचीताई

मी एरवी इथे नुसती वाचते, पण वय ३४ वाचलं आणि राहवलं नाही. डॉक्टरांना विल्सन डिसीजबद्दल आवर्जून विचारा. माझ्या धाकट्या बहिणीचे हात विशीत थरथरायला लागले, अक्षर बिघडलं, मग चिडचिड, अभ्यासात मागे पडली, सगळ्यांना वाटलं मनाचं आहे, आणि तेच औषध बरेच दिवस चाललं. शेवटी एका न्यूरॉलॉजिस्टने दोन्ही हात कोपरात वाकवून बाजूला धरायला लावले तर पंख फडफडल्यासारखे हलायला लागले. त्यांनी तिला लगेच डोळ्याच्या डॉक्टरकडे पाठवलं, तिथे स्लिट लॅम्पखाली बुबुळाच्या कडेला तांबूस-तपकिरी कडं दिसलं. शरीरातलं तांबं बाहेर टाकता येत नाही असा हा आजार आहे, ते लिव्हरमधे आणि मेंदूत साठत जातं. रक्तातलं सेरुलोप्लाझमिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन) कमी आणि २४ तासांच्या लघवीतलं तांबं जास्त आलं. औषध सुरू झालं, आता ती नोकरी करते, हात अजून थोडे हलतात पण तिचं आयुष्य तिच्या हातात आहे.

सख्ख्या भावंडांना हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते म्हणून माझीही तपासणी झाली, मला नाही निघाला. पण मला काहीच त्रास नसताना डॉक्टरांनी ती करायला लावली याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे, कारण त्रास सुरू व्हायच्या आधी सापडला तर औषधाने तो थोपवता येतो. लवकर सापडला असता तर हे वाक्य आमच्या घरात आता कुणी बोलत नाही, पण तुम्ही तरी विचारून घ्या.

मज्जारज्जू

धाकटीचीताई, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. चाळिशीच्या आतला, कारण माहीत नसलेला कुठलाही कंप असेल तर विल्सन बघायचाच असं आम्हाला शिकवलं जातं आणि तरीही तो सुटतो. क्वचित आहे, पण ज्या थोड्या कारणांवर खरं औषध आहे त्यातलं ते एक, म्हणून तो सुटणं परवडत नाही. १९१२ साली किनियर विल्सन यांनी वर्णन केलं तेव्हा त्यावर काहीच उपाय नव्हता, आज पेनिसिलामिन, ट्रायेंटिन, झिंक आहे.

रेघोटी, म्हणजे तुमची यादी अशी होईल: टीएसएच, साखर, लिव्हर, किडनी, कॅल्शियम-मॅग्नेशियम, बी१२, आणि वयामुळे सेरुलोप्लाझमिन, लागलं तर २४ तासांची लघवी आणि डोळे. एमआरआय प्रत्येकाला लागत नाही. एसेन्शियल ट्रेमरमधे तो नॉर्मलच येतो, तो काढायचा असतो दुसरं काही नाही ना हे बघायला, आणि तपासणीत लहान मेंदूची किंवा एकाच बाजूची खूण दिसली तर मात्र काढायचाच.

दोन अजून शक्यता थोडक्यात. एक म्हणजे डिस्टोनिक कंप, यात हात किंवा मान ठराविक स्थितीत जास्त हलते आणि एका विशिष्ट कोनात थांबते, काहींचा तर नुसतं हनुवटीला बोट लावलं तरी थांबतो. तुमच्या आईची मान आडवं पडल्यावर थांबते का आणि जराशी एका बाजूला वळलेली असते का हे बघून सांगा, कारण नुसतीच मान हलत असेल आणि हात शांत असतील तर मी एसेन्शियलच्या आधी याचा विचार करेन. दुसरी म्हणजे फंक्शनल कंप, अचानक सुरू होतो, कधी जोरात कधी गायब, लक्ष दुसरीकडे गेलं की थांबतो, दुसऱ्या हाताने ठेका धरला की हाही त्याच ठेक्यात येतो. तो खोटा नसतो, माणूस नाटक करत नसतो, त्यावर वेगळ्या पद्धतीची फिजिओथेरपी असते आणि ती उपयोगी पडते. तुमच्या वर्णनात तसं काही दिसत नाही.

सरळसोट

डॉक्टरसाहेब, आधी रक्त मग इंजेक्शन हे लक्षात ठेवीन, ओळखीत कुणी विचारलं तर तसंच सांगेन. एक विचारू का, माझ्या काकांचे उभं राहिल्यावर पायच थरथरतात, चालायला लागले की थांबतात. ते पण यातच येतं का?

मज्जारज्जू

वेगळं आहे. ऑर्थोस्टॅटिक ट्रेमर असू शकतो, उभं राहिल्यावर पायांच्या स्नायूंत सेकंदाला १३ ते १८ वेळा इतका भरभर कंप, डोळ्याला कमी दिसतो पण माणसाला पडेन की काय असं वाटतं आणि बसलं किंवा चाललं की जातो. ईएमजीवर, म्हणजे स्नायूंतल्या विजेच्या तपासणीत, कळतो. न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, वेगळा धागा काढलात तर तिथे सविस्तर लिहीन.

कृतीशील

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. निदान होईल तेव्हा होईल, पण काम तर उद्याही करायचंय, म्हणून हे. रेघोटी, कोपर हवेत ठेवून काम करू नका. कोपर टेबलावर किंवा अंगाला चिकटवून ठेवलं की थरथरणारा भाग लांबीने कमी होतो आणि टोकाचं हलणं बरंच उतरतं. रक्त घेताना करंगळीची बाजू पेशंटच्या हातावर टेकवून मग सुई पुढे न्या, खुर्चीची उंची अशी करा की तुमचा हात खांद्याच्या खाली राहील. पिपेटसाठी मनगट स्टँडवर टेकवा, जमलं तर इलेक्ट्रॉनिक पिपेट मागा, अंगठ्याचा जोर लागला की कंप वाढतो. पेन जाड पकडीचं घ्या. कप अर्धा भरा, दोन्ही हातांनी धरा. जड चमचे, मनगटाला वजनाचे पट्टे यांचा काहींना फायदा होतो, काहींना अजिबात नाही, घ्यायच्या आधी वापरून बघा. महत्त्वाचं काम पंप घेतल्यानंतरच्या तासात येणार नाही असं बघा, पण त्यासाठी पंप टाळायचा मात्र नाही.

आणि डॉक्टरकडे जायच्या आधी एका कोऱ्या कागदावर हात न टेकवता आतून बाहेर जाणारं चक्र काढा, उजव्या हाताने एक, डाव्याने एक, तारीख घाला. शेजारी एक वाक्य लिहा. कप तोंडाकडे नेताना, हात समोर धरून, आणि हात मांडीवर सोडून असे तीन छोटे व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात नेमका त्या दिवशी हात शांत असतो किंवा भीतीने दुप्पट हलतो, तेव्हा हेच उपयोगी पडतं. काही महिन्यांनी परत काढलं की वाढतंय का तसंच आहे हे मनाने ठरवावं लागत नाही.

रेघोटी

टीएसएच नॉर्मल आलं, साखर आणि कॅल्शियमही. सेरुलोप्लाझमिन आमच्याकडे होत नाही, ते बाहेर पाठवलंय. आईला आडवं पाडून बघितलं, मान थांबते, आणि तिला हात समोर धरायला लावले तर तेही हलतात, तिने ते आजपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. मान वळलेली वाटत नाही. चक्रं काढली दोघींनीही, एकमेकींशेजारी ठेवली तर दोन्हीच्या रेघा सारख्याच दातेरी दिसतात.

न्यूरॉलॉजिस्टची वेळ मिळालीय, आई पण येतेय. पंपाचं छातीच्या डॉक्टरांशी बोलले, ते म्हणाले लागेल तेव्हाच घ्यायचा पंप इतका वारंवार लागत असेल तर दमाच नीट ताब्यात नाही, रोजचा इनहेलर सुरू करू म्हणजे हा कमी लागेल. जुनाकंप दादा, तुमच्या वडिलांबद्दलचं आईला वाचून दाखवलं, ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली मी पण येते दवाखान्यात, तोवर ती तयार नव्हती. तांब्याचा रिपोर्ट आणि डॉक्टर काय म्हणतात ते इथेच लिहीन. कुणाला दमा आणि एसेन्शियल ट्रेमर दोन्ही असून प्रिमिडोन चालू असेल तर गुंगी किती दिवस राहते आणि त्यात हाताचं बारीक काम जमतं का, तेवढं सांगा.